सीएएच असलेल्या मुलाला घरी कसं सांभाळायचं: रोजच्या गोळ्या, आजारपणातला डोस आणि ते इंजेक्शन

आमचा मुलगा बारा दिवसांचा असताना ओकायला लागला. बाळं दूध काढतातच, असं सगळे म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. चौदाव्या दिवशी वजन केलं तर जन्माच्या वजनापेक्षा कमी, डोळे खोल गेलेले, दूध ओढायलासुद्धा ताकद नाही. रक्त तपासलं तर सोडियम पार खाली आणि पोटॅशियम वर. त्या रात्री आम्ही 'कॉन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लाझिया' हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि ते न अडखळता म्हणता यायलाच दोन दिवस लागले. आता घरात सगळे नुसतं सीएएच म्हणतात. तो नऊ वर्षांचा आहे, धडधाकट आहे, आणि हे सगळं त्याची आई म्हणून लिहितेय, डॉक्टर म्हणून नाही. त्यामुळे आकडे समजून घ्यायला वापरा, तुमच्या मुलाचा डोस मात्र तुमच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरने, लिहून दिलेलाच.

आधी नेमकं काय बिघडलंय ते

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. तिथे कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने तीन प्रकारचे हार्मोन बनतात. कॉर्टिसॉल साखर आणि बीपी टिकवतं, आजारपणात शरीराला उभं ठेवतं. अल्डोस्टेरॉन अंगातलं मीठ लघवीतून वाहून जाऊ देत नाही. तिसरे अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जे मुलींच्या शरीरातही थोडे असतात. सीएएचच्या १०० पैकी साधारण ९५ केसेसमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम कमी असतं किंवा नसतंच. त्यामुळे कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉनची वाट बंद होते. मेंदूखालच्या पिट्युटरीला वाटतं कॉर्टिसॉल कमी पडतंय, ती ग्रंथीला कामाला लावणारं एसीटीएच नावाचं हार्मोन सोडत राहते, ग्रंथी राबून राबून मोठी होते आणि सगळा कच्चा माल जो रस्ता उघडा आहे तिकडे, म्हणजे अँड्रोजेनकडे वळतो. अर्धवट राहिलेला माल म्हणजे १७-ओएचपी, तोच रक्तात साचतो आणि तपासणीत सापडतो.

गंभीर प्रकाराला क्लासिक म्हणतात, तो साधारण १०,००० ते २०,००० जन्मांमागे एका बाळात सापडतो, आणि त्यातल्या चारातल्या तिघांना मीठ वाया जाण्याचा त्रास असतो. मुलींमध्ये जन्मतःच बाहेरची जननेंद्रियं वेगळी दिसतात म्हणून निदान लवकर होतं. मुलगे दिसायला अगदी नॉर्मल, फार तर त्या भागाची कातडी जरा काळसर, म्हणून तेच निसटतात आणि पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात थेट क्रायसिसमध्येच, म्हणजे कॉर्टिसॉल आणि मिठाअभावी जिवावर बेतण्याच्या अवस्थेत, पोचतात, आमच्यासारखे. जिथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन १७-ओएचपी तपासतात तिथे हे टळतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर हा आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो, म्हणून एकाच रिपोर्टवर हादरून जाऊ नका, दुसरी तपासणी होईपर्यंत थांबा. पण त्या काळात बाळाचं वजन आणि सोडियम-पोटॅशियम बघत राहायला सांगा.

कुणामुळे झालं हा प्रश्न घरात येतोच. आईवडील दोघांकडेही ६ नंबरच्या क्रोमोझोमवरच्या सीवायपी२१ए२ या जीनची एकेक बिघडलेली कॉपी असते, दोघंही ठणठणीत असतात, आणि दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता की बाळाला दोन्ही बिघडलेल्या कॉपी मिळतील. एका बाजूच्या खानदानाकडे बोट दाखवायला जागाच नाही. पुढचं मूल हवं असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलिंग करून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला कळायला वर्षभर लागलं. आपल्या अंगातली ग्रंथी प्रसंग बघून काम करते, ताप आला की कॉर्टिसॉल कितीतरी पट वाढवते, बरं वाटलं की कमी करते. गोळीला ही अक्कल नाही. ती रोज तेवढंच देते. मग ती अक्कल कुणीतरी बाहेरून पुरवायची, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातली माणसं. पुढचं सगळं त्याचाच भाग आहे.

रोजची गोळी

वाढत्या मुलांना कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन देतात. हे अंगात बनणाऱ्या कॉर्टिसॉलसारखंच आहे आणि लवकर उतरतं, म्हणून दिवसातून तीनदा. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन जास्त वेळ टिकतं, एकदाच दिलं की झालं असं सोयीचं वाटतं, पण त्याने उंची दबते, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत ती शक्यतो नकोतच. कुणी परस्पर बदलून देत असेल तर आपल्या डॉक्टरला फोन केल्याशिवाय घेऊ नका.

डोस वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर मोजतात: दर चौरस मीटरला दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम. हे गणित एकदा स्वतः करून बघा, मग डोस का बदलला ते दर वेळी कळतं. उंची सेंटीमीटरमध्ये, वजन किलोत, दोघांचा गुणाकार, त्याला ३,६०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा मूल ८० सेंटीमीटर आणि सव्वाअकरा किलो आहे. गुणाकार ९००, भागिले ३,६०० म्हणजे ०.२५, वर्गमूळ ०.५. म्हणजे अर्धा चौरस मीटर, आणि दिवसभराचा डोस ५ ते साडेसात मिलिग्रॅम. तो तीन भागांत विभागला की एका वेळेला साधारण पावणेदोन ते अडीच. किती बारीक काम आहे बघा! १० ची गोळी असेल तर तिचा पाव तुकडा म्हणजे अडीच, आणि तुकडा जरा वाकडा पडला तरी फरक पडतो.

गोळी तोडायला पिल कटर घ्या, सुरीने चुरा उडतो. बाळाला द्यायचं तर तुकडा बारीक करून चमचाभर पाण्यात किंवा दुधात, लगेच, आणि चमचा किंवा सिरिंज परत धुऊन तेही पाजा, कारण ही पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसते. म्हणूनच आठवड्याभराचं औषध एकदम पाण्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. आम्ही सुरुवातीला भरलेल्या दुधाच्या बाटलीत टाकायचो, त्याने अर्धी बाटली सोडली की किती पोटात गेलं काहीच कळायचं नाही. बाटलीत कधीच नको. लहान डोससाठी हायड्रोकॉर्टिसोनच्या कॅप्सूलमध्ये भरलेल्या ग्रॅन्युल्सही निघाल्यात, मिळत असतील तर विचारा. त्यात कॅप्सूल उघडून दाणे तोंडात किंवा चमचाभर मऊ खाण्यावर टाकायचे, चुरायचे नाहीत.

वेळा साधारण आठ-आठ तासांनी. सकाळी जास्त की रात्री जास्त यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, आपला डॉक्टर म्हणेल तसं करा. आमचं सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा आहे, तीन अलार्म, आणि डबीवर वारांचे कप्पे, कारण "तू दिलीस का मी दिली?" हे भांडण टाळायचं असेल तर कप्पा रिकामा दिसणं हाच एक उपाय. डोस राहिला आणि लगेच लक्षात आलं तर देऊन टाका. पुढच्या डोसची वेळ झालीच असेल तर काय करायचं ते आपल्या डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या. आणि हे औषध एकदम बंद करायचं नाही, कधीच नाही, कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की नातेवाईक घाबरतात. त्यांना सांगा की बाहेरून जादा काही घालत नाही आपण, अंगात बनायला हवं होतं तेवढंच भरून काढतोय. सीएएचवर कॉर्टिसोनने उपचार होतात हे लॉसन विल्किन्स यांनी दाखवलं ते १९५० मध्ये, त्याआधी मीठ वाया जाणारी बाळं बहुतेक जगतच नसत. मला कुणी "नैसर्गिक काहीतरी बघा" म्हणालं की मी हेच ऐकवते.

मीठ सांभाळणारी गोळी, आणि खरंखुरं मीठ

अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन. साधारण ५० ते २०० मायक्रोग्रॅम रोज, एकदा किंवा दोनदा विभागून. गंमत म्हणजे मूल वाढलं तरी हा डोस त्या प्रमाणात वाढत नाही, उलट तान्ह्या बाळाला आकाराच्या मानाने जास्त लागतं कारण त्याच्या किडन्या अजून कच्च्या असतात. गोळी बहुतेकदा ०.१ मिलिग्रॅमची असते, म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमचा घोळ इथेच होतो, प्रिस्क्रिप्शनवर दोन्ही लिहून घ्या. काही कंपन्यांची गोळी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, लेबल वाचा.

पहिलं वर्ष वेगळं मीठही द्यावं लागतं कारण आईच्या दुधात आणि पावडरच्या दुधात सोडियम फार कमी. दिवसाला १ ते २ ग्रॅम, चार-सहा फीडमध्ये थोडं थोडं विभागून. चिमटीने मोजू नका! फार्मसीतून मोजलेल्या पुड्या किंवा ठरलेल्या ताकदीचं द्रावण घ्या, कारण घरच्या एका चमच्यात पाच-सहा ग्रॅम मीठ बसतं आणि तेवढं तान्ह्या बाळाला धोक्याचं आहे. एकदम दिलं तर ओकतंही. वरचं खाणं नीट सुरू झालं की डॉक्टर हे मीठ हळूहळू थांबवतात, मग मूल स्वतःच खारट मागायला लागतं, मागू द्या. कडक उन्हात, खूप घाम येईल अशा खेळात पाणी आणि मीठ दोन्ही जास्त.

आजारी पडला की काय करायचं

हा भाग फ्रिजवर चिकटवा.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, की आमच्या प्लॅनमध्ये हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, ३९ च्या वर गेला की तिप्पट. काही डॉक्टर ३८.५ पासून सुरू करतात, तुमचा आकडा तुमच्या कागदावर लिहून घ्या. वाढवलेला दिवसाचा डोस चार भागांत, सहा-सहा तासांनी, म्हणजे रात्री उठवून द्यायचा, झोपलाय म्हणून सोडायचा नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरलेला दिसला म्हणून लगेच डोस उतरवायचा नाही, आजार गेला का ते बघा. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच राहतं. आजार गेला की, एक-दोन-तीन दिवसांत, सरळ नेहमीच्या डोसवर परत, एवढ्या थोड्या दिवसांसाठी हळूहळू कमी करत बसायची गरज नाही.

डोसइतकीच महत्त्वाची गोष्ट साखर. या मुलांची साखर आजारपणात पटकन खाली जाते, लहान मुलांत तर फारच. म्हणून थोड्या थोड्या वेळाने गोड काहीतरी पाजत राहा, ओआरएस, साखरपाणी, ज्यूस, आणि खाईल तर खायलाही द्या. उपाशीपोटी झोपू द्यायचं नाही.

ओकला तर? गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओकला तर तोच डोस परत द्या. परत ओकला, की तिसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही, इंजेक्शन द्यायचं आणि हॉस्पिटलला निघायचं. जोरदार जुलाब असतील तरी तेच, गोळी आत टिकतच नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, अजून एकदा बघू, झोपला की बरं वाटेल असं करता करता. मूल मलूल, थंडगार घामेजलेलं, हाक मारली तर नीट बघत नाही, फिट आली, मोठा अपघात झाला, हाड मोडलं, बरंच भाजलं, तर गोळीचा विचारच नको, आधी इंजेक्शन.

आणि कधी वाढवायचा नाही हेही तेवढंच माहीत हवं: ताप नसलेली साधी सर्दी, परीक्षेचं टेन्शन, खेळाचा तास, गुडघा खरचटणं. दर शिंकेला डोस वाढवला तर वर्षाअखेरीस उंचीवर हिशोब दिसतो.

इंजेक्शन

हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट, १०० मिलिग्रॅमची पावडरची व्हायल. डोस ढोबळमानाने तान्ह्या आणि लहान मुलांना २५, शाळेच्या वयात ५०, मोठ्या मुलांना १००. काही डॉक्टर सहा वर्षांपासूनच १०० देतात. वयाची रेष कुठे, ते तुमच्या कागदावर लिहिलेलं असू द्या. क्रायसिसमध्ये एकदा थोडं जास्त गेलं तर नुकसान होत नाही, न दिल्याने होतं.

पावडरमध्ये २ मिलीलीटर स्टराइल वॉटर घातलं तर प्रत्येक मिलीलीटरमध्ये ५० मिलिग्रॅम येतात. म्हणजे २५ साठी अर्धा मिली, ५० साठी एक मिली, १०० साठी सगळं. हे मार्करने किटच्या झाकणावर लिहा, कारण त्या क्षणी भागाकार सुचत नाही. पाणी घालून व्हायल दोन्ही तळव्यांत फिरवायची, पाणी स्वच्छ दिसलं की ओढून घ्यायचं, सुई वर करून बुडबुडा काढायचा. जागा मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला. घाईत असाल तर कपड्यावरूनही चालतं. सुई सरळ ९० अंशात, सावकाश ढकला, काढून दाबून धरा. मग लगेच अ‍ॅम्ब्युलन्स किंवा गाडी. इंजेक्शन दिल्यावर मूल टवटवीत झालं तरी जायचंच.

पहिल्यांदा मला हे नर्सने संत्र्यावर शिकवलं. खरी वेळ आली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, रात्री दोनदा ओकला होता, माझे हात इतके थरथरत होते की व्हायलचं प्लास्टिकचं झाकण निघेना, शेवटी दातांनी काढलं. नवऱ्याने मांडी धरली. दहा सेकंदांचं काम होतं, आणि तो रडला म्हणून मला बरं वाटलं, रडण्याइतकं त्राण होतं म्हणून.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिलं वाक्य हे: "याला अ‍ॅड्रिनल इन्सफिशियन्सी आहे, क्रायसिस असू शकतो, हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन लगेच लागेल." आम्हाला एकदा "आधी रिपोर्ट येऊ द्या" म्हणून बसवून ठेवलं होतं. रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. साखर, सोडियम, पोटॅशियमसाठी रक्त घ्यायचं आणि इंजेक्शन-सलाइन चालू करायचं. डॉक्टरच्या सहीचं, डोस लिहिलेलं इमर्जन्सी लेटर पुढे केलं की वाद होत नाही, त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

फॉलोअप: दोन्ही बाजूंनी पडायची भीती

पहिले तीन महिने वरचेवर, मग दीड वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी, नंतर साधारण चार महिन्यांनी दाखवायचं. दर वेळी उंची, वजन, बीपी, आणि रक्तात १७-ओएचपी, अँड्रोस्टेनडायोन (एक अँड्रोजेन), सोडियम, पोटॅशियम, रेनिन. रेनिन वाढलेलं असेल तर मीठ किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन कमी पडतंय, बीपी वाढलेलं आणि रेनिन दबलेलं तर जास्त होतंय. दोन वर्षांनंतर हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, साधारण वर्षातून एकदा.

१७-ओएचपी अगदी नॉर्मल आला की आपल्याला आनंद होतो, तो करू नका. तो पूर्ण नॉर्मल आणायला जेवढं हायड्रोकॉर्टिसोन लागतं ते उंचीला जड जातं, म्हणून डॉक्टर थोडा वर असलेला आकडा मुद्दाम चालवून घेतात. रक्त दर वेळी एकाच वेळेला, डोसच्या हिशोबाने सारखंच द्या, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

डोस जास्त झाला तर उंची थांबते, वजन सुटतं, चेहरा गोल होतो. कमी झाला तर उलटी फसवणूक, मूल वर्गात सगळ्यात उंच होतं, सगळे कौतुक करतात, पण अँड्रोजेनमुळे हाडं लवकर म्हातारी होतात आणि वाढ लवकर बंद पडते. लहान वयात पिंपल्स, घामाला मोठ्यांसारखा वास, जांघेत केस दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

घराबाहेर

शाळेला एक पानी सूचना, ताप किंवा ओकारी झाली तर आधी फोन, आणि बेशुद्ध दिसला तर अ‍ॅम्ब्युलन्स. इंजेक्शन द्यायला कोण तयार आहे ते विचारून, शिकवून ठेवा. एक किट शाळेत, एक घरी. मनगटात मेडिकल ब्रेसलेट. लसी सगळ्या वेळेवर द्या, भरपाईच्या डोसने प्रतिकारशक्ती दबत नाही, फक्त लसीनंतर ताप आला तर तापाचा नियम लावा. भूल द्यायची असेल, अगदी दातासाठी, तर भूलतज्ज्ञाला आधी कळवा, भुलीच्या वेळी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. फिटवरची फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि टीबीची रिफाम्पिसिन ही औषधं हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपवतात, तेव्हा डोस वाढवावा लागू शकतो.

मुलींच्या आईवडिलांसाठी, आणि पुढच्या वयासाठी

बाहेरून काहीही दिसत असलं तरी एक्सएक्स क्रोमोझोमच्या या मुलींचं गर्भाशय आणि अंडाशय आतून नेहमीसारखेच असतात. ऑपरेशन ही इमर्जन्सी नाही. लघवीला अडथळा नसेल तर घाईने होकार देऊ नका, थांबणं हाही पर्याय आहे, मुलीला स्वतःला मत देता येईपर्यंत थांबणारे बरेच आहेत. अनुभवी सर्जन, एंडोक्रिनॉलॉजिस्ट आणि समुपदेशक तिघांशी बोला, एकट्या सर्जनशी नाही. मुलीला तिचं शरीर वयाप्रमाणे समजावत राहा, लपवलेलं नंतर जास्त दुखतं.

मुलग्यांमध्ये वृषणात अ‍ॅड्रिनलसारख्या पेशींच्या गाठी होऊ शकतात, विशेषतः डोस चुकवणाऱ्यांत, म्हणून वयात येताना सोनोग्राफी विचारा. दोघांतही पौगंडावस्थेत कॉर्टिसॉल लवकर संपतं, कंट्रोल बिघडतो, आणि नेमकी तेव्हाच गोळ्यांचा कंटाळा येतो. क्रिनेसरफॉन्ट नावाचं नवीन औषध अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये चार वर्षांवरच्या क्लासिक सीएएचसाठी मंजूर केलंय. ते एसीटीएच खाली आणतं, त्यामुळे अँड्रोजेन घटतात आणि हायड्रोकॉर्टिसोनचा डोस कमी करता येऊ शकतो. हायड्रोकॉर्टिसोन मात्र घ्यावंच लागतं, हे त्याच्या जोडीला.

एक शेवटची सवय. किटमधल्या व्हायलची एक्सपायरी दर सहा महिन्यांनी बघा, आणि तारीख गेलेली व्हायल फेकू नका, लाल टेप लावून वेगळ्या डब्यात ठेवा, सरावाला. परवा मुलाने पहिल्यांदा तशी एक स्वतः कालवली, पाणी स्वच्छ होईपर्यंत फिरवली, एक मिली ओढलं, टिचकी मारून बुडबुडा काढला आणि संत्रं शोधायला गेला.